चिकटराव आणि कारखान्याचे जावईबापू

बुटांच्या त्या कारखान्यात चिकटरावांना खरं नाव होतं, पण ते ठेवणीतल्या कपड्यांसारखं फक्त बँकेत आणि दवाखान्यात बाहेर निघायचं. एरवी मालकीणबाईंपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांचे ते चिकटराव. बुटाचा तळवा वरच्या भागाला जोडायच्या आधी त्याला ब्रशने सोल्युशन लावायचं, हे त्यांचं काम. त्या पदार्थाला तिथे कुणी गोंद म्हणत नसे, डिंक म्हणत नसे, सोल्युशनच. मिसरूड फुटायच्या वयात ते या नोकरीला चिकटले आणि मग जे जे हाती आलं ते त्यांना चिकटत गेलं. दाराच्या कड्या, बसची तिकिटं, शेजाऱ्यांची वर्तमानपत्रं. लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा चहाचा कप हातातून सुटेना. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाला आणखी चहा हवाय. ते भरत राहिले, हे पीत राहिले. बायको अजूनही सांगायची, "मला वाटलं, लाजतोय बिचारा. नंतर कळलं, अडकलाय."

माणूस सरळ, पण जरा जास्तच सरळ. सांगितलेलं काम सांगितलं तस्संच करायचं, आपली अक्कल मधे घालायची नाही, हा त्यांचा बाणा. एकदा डॉक्टरांनी त्यांना जीभ बाहेर काढायला सांगितली आणि आत घ्यायला सांगायचं राहून गेलं. चिकटराव तसेच जीभ बाहेर ठेवून औषधाच्या दुकानात गेले, औषध घेतलं आणि घरी आले. वाटेत दोघातिघांशी भांडण होता होता राहिलं.

तर अशा या चिकटरावांच्या कारखान्यात एके सकाळी सोल्युशन लावायला रोबोट आला.

आला तो मोठ्या थाटात. त्याच्यासाठी एक कोपरा रंगवून घेतला होता. त्याला गारवा लागायचा, म्हणून खास एसी बसवला. धूळ चालायची नाही, म्हणून रात्री अंगावर मऊ कापड घालायचं. विजेचा दाब जरा इकडेतिकडे झाला की तो रुसून बसायचा आणि त्याची मनधरणी करायला बाहेरून माणूस बोलवावा लागायचा. पहिल्याच आठवड्यात शिलाई खात्यातल्या बायकांनी त्याचं नामकरण करून टाकलं: जावईबापू.

घरी चिकटरावांनी ही बातमी सांगितली तेव्हा बायको चपलेचा पट्टा शिवत होती. बुटांच्या कारखान्यातल्या माणसाच्या घरी चपला नेहमी तुटलेल्या असायच्या.

"मग आता तुम्ही काय करणार?" तिने विचारलं.

"घरात जावई आल्यावर सासऱ्याने काय करायचं असतं?"

"गप्प बसायचं असतं," बायको म्हणाली, आणि तिने दोरा दाताने तोडला.

पण गप्प बसायची वेळ आली नाही. रोबोटबरोबर एक तरुण इंजिनीअर मॅडम आल्या होत्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी चिकटरावांना गाठलं.

"काका, याला तुम्हीच शिकवायचं आहे."

चिकटरावांनी जावईबापूंकडे पाहिलं. खांदा, कोपर आणि मनगट असलेला एक लांबच लांब पांढरा हात, आणि मनगटाला ब्रश. डोकं नाहीच.

"शिकवू कुठे?" ते म्हणाले.

मॅडम हसल्या. "तसं नाही. याच्या मनगटाला दोन मुठी आहेत. त्या दोन्ही हातांनी धरायच्या आणि नेहमी लावता तसं सोल्युशन लावून दाखवायचं. तुमचा हात जसा फिरेल तसा तो लक्षात ठेवतो."

"सगळं लक्षात ठेवतो?"

"सगळं. नेहमीसारखंच करायचं हं काका, काही बदलायचं नाही. आणि काहीही झालं तरी मधे मुठी सोडायच्या नाहीत. सोडल्या तर पहिल्यापासून."

झालं. चिकटरावांना काय करायचं ते कळलं. शिकवायच्या दिवशी बायकोने त्यांना कडक इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. मळक्या कपड्यातला मास्तर शोभत नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

मॅडमनी बटण दाबलं, आणि नेमका त्यांचा फोन वाजला. "तुम्ही करा काका," असं खुणेनेच सांगून त्या खिडकीपाशी गेल्या. चिकटरावांनी मुठी धरल्या. तळव्याच्या कडेने एक फेरी मारली, मग मधोमध नागमोडी हात फिरवला. काम चोख झालं. पण ब्रश उचलता उचलता त्यांचा उजवा कान खाजायला लागला. तो रोजच खाजायचा. त्या वासाने असेल किंवा सवयीने असेल. एरवी ते ब्रशच्या मागच्या टोकाने कान खाजवत. आता मुठी सोडायच्या नव्हत्या आणि काही बदलायचंही नव्हतं. तेव्हा त्यांनी जावईबापूंचा अख्खा हात वर घेतला आणि त्याच्या मनगटानेच कान खसाखसा खाजवला.

तेवढ्यात समोरून साहेब आले.

साहेब म्हणजे सुपरवायझर. पांढरा शुभ्र शर्ट, मागे बांधलेले हात, आणि चाल अशी की जणू पुढे बँड वाजतोय. त्यांना सलाम लागायचा. सकाळच्या फेरीत ज्याचा सलाम चुकला, त्याला दुपारी भट्टीजवळची जागा मिळायची. चिकटरावांचा सलाम इतक्या वर्षांत कधी चुकला नव्हता, तो आज कशाला चुकेल? त्यांनी मुठींसकट हात कपाळाला नेला. साहेब मान हलवून पुढे गेले. चिकटरावांनी हात जागेवर आणून ठेवला.

मॅडम परत आल्या. "झालं काका?"

"झालं. नेहमीसारखंच."

दुसऱ्या दिवशी जावईबापूंचं पहिलं काम बघायला सगळं खातं गोळा झालं. पट्ट्यावरून पहिला बूट आला. पांढरा हात खाली वाकला. कडेने एक फेरी, मधोमध नागमोडी, एक थेंब इकडेतिकडे नाही. लोक टाळ्या वाजवणार, एवढ्यात हात उंच गेला, हवेत थांबला, आणि जिथे कान असायला हवा होता तिथे खसाखसा खाजवू लागला. मग नसलेल्या कपाळापाशी जाऊन त्याने कडक सलाम ठोकला आणि पुढच्या बुटाकडे वळला. पुढच्या बुटालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच.

शिलाई खात्यातल्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मॅडमचा चेहरा लाल झाला.

"काका, हे काय?"

"कान खाजत होता."

"आणि ते दुसरं?"

"साहेब आले होते."

मॅडमनी कपाळाला हात लावला. जावईबापूंनीही त्याच वेळी लावला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "मी एवढा भाग पुसून टाकते."

"थांबा," मागून आवाज आला.

साहेब गर्दीतून पुढे आले आणि जावईबापूंसमोर उभे राहिले. त्यांना सलाम झाला. ते दोन पावलं बाजूला सरकले. सलाम झाला. ते पाठ फिरवून निघाले, आणि दारातून एकदम वळून पाहिलं. तेव्हाही सलाम झालाच.

"इतकी वर्षं मी शिस्त शिस्त म्हणून घसा कोरडा करतोय," साहेब भरल्या गळ्याने म्हणाले. "शेवटी कळली कुणाला, तर मशीनला. काहीही पुसायचं नाही."

"पण सर, प्रत्येक बुटामागे वेळ जातो."

"शिस्तीला वेळ लागतोच, मॅडम."

अशा रीतीने जावईबापूंचा सलाम आणि कान दोन्ही कायम झाले. साहेबांच्या फेऱ्या वाढल्या. काहीतरी निमित्त काढून ते तिकडून जायचे. कधी पेन विसरायचे, कधी विसरलेलं पेन न्यायला यायचे. चिकटरावांना आता नवं काम मिळालं होतं. जावईबापूंजवळ उभं राहायचं, सोल्युशनची टाकी भरायची, ब्रश बदलायचा. कामाच्या मानाने उभं राहणंच जास्त होतं. सुरुवातीला त्यांना फार ओशाळल्यासारखं वाटायचं. आपला हात समोर चाललाय आणि आपण खिशात हात घालून बघतोय, हे त्यांना पटेना. घरी आल्यावर ते उगाच बायकोच्या हातातलं लाटणं घ्यायचे आणि ती ते परत घ्यायची.

मग एक दिवस भलतंच झालं. त्यांनी नुकताच नवा कोरा ब्रश बसवला होता आणि सोल्युशनचा नळ बंद होता. जावईबापूंच्या टेबलापलीकडे बुटाची एक नाडी पडली होती, ती उचलायला चिकटराव टेबलावर पालथे वाकले आणि त्यांचं कोपर यंत्र चालू करायच्या हिरव्या बटणावर पडलं. पांढरा हात खाली आला. त्यांच्या पाठीवर कडेने एक फेरी, मग मधोमध नागमोडी.

चिकटरावांचे डोळे आपोआप मिटले. नाडी हातातून गळाली. माणसाला स्वतःच्या हाताने स्वतःची पाठ काही धड खाजवता येत नाही. चिकटरावांची ती सोय झाली होती. तो त्यांचाच हात होता, तेच वळण, तोच दाब, आणि खोटं कशाला बोला, बायकोपेक्षा नेमका. शिवाय यंत्र समजूतदार होतं. जरा जास्त टेकलं की आपणहून थांबायचं.

त्यांनी ही गोष्ट फक्त एकाला सांगितली. म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळली. जेवणाच्या सुट्टीत रांग लागू लागली. डबा खायचा, हात धुवायचे, टेबलावर पालथं व्हायचं. चिकटराव कोरडा ब्रश बसवायचे, नळ बंद आहे ना हे दोनदा पाहायचे आणि बटण दाबायचे. शिलाई खात्यातल्या बायकांनी आपले वार ठरवून घेतले. हिशेब खात्यातले गृहस्थ, जे कुणाशी बोलत नसत, ते टेबलावरून उठताना चक्क शीळ वाजवत गेले.

"खाजवून वर सलाम करतो," एक शिलाईवाली म्हणाली. "आमचा जावई नुसता सलाम करेल तर शपथ."

साहेबांना हे सगळं ठाऊक होतं. ते न बघितल्यासारखं करायचे. पण त्यांना उष्णतेचा त्रास होता आणि पाठीला घामोळं. रांगेत उभं राहणं त्यांच्या पदाला शोभणारं नव्हतं. रांग बघून ते दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे आणि कुणी पाहिलं की चौकट तपासल्यासारखं करायचे.

पुढे एक दिवस पट्ट्यावर लहान मुलांचे शाळेचे बूट चालले होते, आणि जावईबापूंचा हातही त्या मापाने बारका फिरत होता. जेवणाची सुट्टी झाली. चिकटराव हात धुवायला गेले. त्यांचे हात धुणं म्हणजे मोठं प्रकरण. बोटं एकमेकांपासून सोडवण्यातच निम्मा वेळ जायचा. बाकीचे अजून डब्यावर होते. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नाही. ते टेबलावर पालथे वाकले, हात लांबवला आणि हिरवं बटण दाबलं. ब्रश कोरडा आहे का आणि नळ बंद आहे का, हे बघायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते कधी रांगेत उभे राहिले नव्हते ना.

चिकटराव परत आले तेव्हा साहेब सरळ उभे राहत होते. जावईबापू त्यांना सलाम करत होते आणि साहेब, डोळे अर्धे मिटलेले, उलटा सलाम करत होते. मग ते पेन घ्यायला वळले आणि चिकटरावांना त्यांची पाठ दिसली. पांढऱ्या शर्टावर, बरोबर मधोमध, ओलं चकचकीत सोल्युशन.

"साहेब, तुमच्या पाठीला..."

"चिकटराव, जे पाहिलंत ते पाहिलं नाहीत."

"हो साहेब. पण पाठ..."

"पाठीचं नाव काढायचं नाही. कळलं? मेलं तरी काढायचं नाही." मग साहेबांचा आवाज जरा मऊ झाला. "पण खरं सांगू? फार बरं वाटलं. एकदम गारगार."

चिकटराव पुन्हा तोंड उघडणार होते. पण सांगितलं होतं, पाठीचं नाव काढायचं नाही. त्यांनी नाही काढलं.

साहेब तिथून निघाले ते रबर घासायच्या मशीनपाशी गेले. तिथे दिवसभर तांबडी भुकटी उडायची. साहेब तिथे मशीनकडे पाठ करून कुणाला तरी शिस्तीबद्दल चार शब्द सुनावत उभे राहिले. सुनावून झालं तेव्हा त्यांच्या पाठीवर एक सुबक, ठसठशीत, तांबडा बुटाचा ठसा उमटला होता. कडा स्पष्ट, आत नागमोडी नक्षी. कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखा.

साहेब खात्याखात्यातून फिरले. ते पुढे गेले की मागे माना वळायच्या. सांगायला मात्र कुणी पुढे होईना. ज्याने ही लाथ घातली त्याच्याबद्दल मनातून सगळ्यांना आदर वाटत होता, पण तो कोण ते कुणाला माहीत नव्हतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे कौतुकाने बघत होता.

नेमक्या त्याच दुपारी मालकीणबाई आल्या. वयाने वाकलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. साहेब त्यांना वाट दाखवत पुढे झाले, म्हणजे पाठ बाईंकडे. बाई पाच-सहा पावलं चालल्या आणि थांबल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्हाला लाथ कुणी मारली?"

"लाथ? मला?" साहेबांनी हात मागे नेला. बोटांना खरखरीत काहीतरी लागलं. मग बोटं तिथेच राहिली, ओढल्यावर सुटली. साहेबांना सगळा उलगडा झाला. पण टेबलावर पालथं होऊन पाठ खाजवून घेतली, हे सगळ्यांदेखत सांगायचं कसं? त्यांनी घसा साफ केला. "मारली असेल कुणीतरी, बाई. हल्ली शिस्त राहिलेली नाही."

"तुम्हाला कळलं नाही?"

"मी कामात होतो."

बाईंनी सगळ्यांना बोलावून घेतलं. चौकशी सुरू झाली. साहेबांना पाठ करून उभं केलं आणि एकेकाने येऊन आपला पाय शेजारी उंच धरून दाखवायचा असं ठरलं. कुणी भिंतीला धरून पाय उचलला, कुणी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. हिशेबवाल्या गृहस्थांची पँट उसवली. पण ठसा बारका, आणि सगळ्यांचे पाय मोठे. शेवटी इंजिनीअर मॅडमवर संशय आला, कारण त्यांचा पाय सगळ्यांत लहान. त्यांनी रागारागाने बूट काढून साहेबांच्या पाठीला लावला. तोही मोठा निघाला. मग एका शिलाईवालीने पट्ट्यावरचा शाळेचा बूट आणून ठशावर धरला. तो असा बसला की जणू त्याच्यासाठीच माप घेतलं होतं.

बाईंनी तो बूट हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

"म्हणजे लहान मूल होतं," मग त्या शांतपणे म्हणाल्या. "ते उडत आलं. तुमच्या पाठीत लाथ मारली. आणि उडत गेलं."

"असं काहीसं झालं असावं," साहेब भिंतीला म्हणाले.

आता चिकटरावांना राहवेना. त्यांनी मनात शब्द जुळवून पाहिले. पाठीचं नाव काढायचं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाचं नाव काढू नका असं काही साहेब म्हणाले नव्हते.

"बाई," ते पुढे होऊन म्हणाले, "ते जावईबापूंनी केलंय."

"कुणाच्या जावयाने? तुमच्या?"

"तसा माझाच म्हणायचा. मीच शिकवलं त्याला."

"तुम्ही जावयाला साहेबांना लाथ मारायला शिकवलं?"

"लाथ नाही, बाई. तो खाजवतो."

"तुमचा जावई साहेबांना खाजवतो?"

"सगळ्यांनाच खाजवतो. जेवणाच्या सुट्टीत."

बाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी एक मोठा श्वास घेतला आणि रंगवलेल्या कोपऱ्याकडे बोट दाखवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. फोन, कान, सलाम, रांग. सांगून झाल्यावर सगळे माना खाली घालून उभे राहिले. चिकटरावांना वाटलं, संपलं. आता जावईबापूंची पाठवणी होणार, आणि त्यांच्यामागोमाग आपली. आश्चर्य म्हणजे त्यांना स्वतःपेक्षा त्या बिनडोक्याच्या हाताचं जास्त वाईट वाटलं.

"दाखवा," बाई म्हणाल्या.

चिकटरावांनी कोरडा ब्रश बसवला. नळ दोनदा पाहिला, मग आणखी एकदा पाहिला. बाईंनी काठी साहेबांच्या हातात दिली आणि सावकाश टेबलावर वाकल्या. बटण दाबलं. कडेने एक फेरी, मधोमध नागमोडी, कान, सलाम. सगळे टाचा उंचावून बघत होते.

"बंद करू का, बाई?" चिकटरावांनी हळूच विचारलं.

"मी सांगितलं का?"

चिकटरावांनी परत बटण दाबलं. बऱ्याच वेळाने टेबलावरून आवाज आला, "अहो, याला जरा डावीकडे घ्यायला सांगा." त्यावर मॅडम म्हणाल्या की तो सरकत नाही, आपणच सरकायचं असतं. तेव्हा बाई सरकल्या.

उठल्यावर त्यांनी निकाल दिला. कान आणि सलाम पुसायचा, वेळ फुकट जातो. जेवणाच्या सुट्टीतली रांग चालू राहील, पण बटणाला कुलूप आणि किल्ली चिकटरावांकडे. आणि दर महिन्याला त्या स्वतः येऊन यंत्राची तपासणी करतील. ती तपासणी पुढे एकदाही चुकली नाही. त्या वेळी सगळे आपणहून बाहेर जायचे आणि चिकटराव बटण दाबून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

साहेबांचा शर्ट कशालाही दाद देईना. शेवटी मॅडमनी तो मागून घेतला आणि सोल्युशन किती पक्कं बसतं याचा नमुना म्हणून कपाटात ठेवला. सलाम पुसल्याचं साहेबांच्या फार जिवाला लागलं. कितीतरी दिवस ते जावईबापूंसमोर थांबून खाकरायचे, वाट पाहायचे आणि पुढे जायचे. पण दुपारी आता ते रांगेत उभे राहायचे, हिशेबवाल्यांच्या मागे, आणि तिथे उभ्याउभ्या त्यांची लोकांशी हवापाण्याच्या गप्पा मारण्याइतकी ओळख झाली.

वर्षभराने मॅडमचा फोन आला. त्या आता दुसरीकडे होत्या. चिकटरावांनी शिकवलेला हात त्यांनी तिथल्या यंत्रांतही घातला होता. कितीतरी ठिकाणी आता तळव्यांना सोल्युशन लागत होतं ते चिकटरावांच्याच वळणाने. चिकटरावांनी फोन ठेवला आणि छाती जरा पुढे काढून बायकोला हे सांगितलं.

"वा," बायको म्हणाली. "म्हणजे तुमचा हात देशोदेशी राबतोय, आणि इथे लेकीचा फोटो टांगायला एक खिळा ठोकायचा, तर तुम्हाला सवड नाही."

चिकटराव मुकाट्याने उठले. खिळा वाकडा गेला, दुसरा बोटावर बसला, आणि भिंतीचा पोपडा पडला. मग त्यांनी बोट तोंडात धरून थोडा विचार केला आणि फोटो सोल्युशनने भिंतीला चिकटवून टाकला. जरा तिरका बसला आहे. पण आता तो सरळ करायचा तर भिंतच पाडावी लागेल.